ट्रायलची गाडी

“फॅक्टरीच्या गेटपर्यंत जायचं आणि तिथून वळायचं. त्याच्या पुढं कंपनीची परवानगी नाही साहेब,” नदाफ म्हणाले.

“फॅक्टरीच्या गेटपर्यंत इंजिनाचं काय डोंबल कळणार?” अण्णा म्हणाले. “गाडी लांबच्या रस्त्यावर बघायला पाहिजे. खड्डे, चढ, नदीचा पूल. शिवाय आमचे मेहुणे तिकडंच असतात. त्यांनी एकदा बघून हो म्हटलं, की विषय संपला.”

“म्हणजे डिसिजन त्यांचं आहे?”

अण्णांनी नुसती मान हलवली. खोटं बोलायची वेळ आली की अण्णा मान हलवायचे. तोंडानं बोललं तरच ते खोटं, अशी त्यांची स्वतःपुरती समजूत होती.

भाऊबीजेची सकाळ होती. आदल्या दिवशी पाडव्याला सांगलीतल्या त्या शोरूममधून बऱ्याच गाड्या बाहेर पडल्या होत्या. फरशीवर झेंडूच्या पाकळ्या आणि फुटलेल्या नारळाचं पाणी तसंच होतं. नदाफ म्हणजे तिथले विक्रेते. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, गळ्यात शोरूमचा निळा टाय. अण्णांचं त्यांच्याशी बोलणं चालू असताना आई गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा होती. मांडीवर पिशवी, पिशवीत लाडवाचा डबा. तिनं काच खाली केली आणि म्हणाली, “अहो, ऊन चढायच्या आत पोचू या.”

तिला काच खाली करता आली याचं मला तेव्हा नवल वाटलं. मी आठवीत होते आणि आईला यंत्रातलं काही कळत नाही, असं मी अण्णांकडून शिकले होते.

अण्णा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे नकाशे काढायचे. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, घ्यायची ऐपत नव्हती, आणि घेतली असती तर आमच्या गल्लीत ती शिरली नसती. पण गाड्यांचं वेड असं, की इतर बायका-मुलं रविवारी बागेत जायची आणि आम्ही शोरूममध्ये. तिथं एसी फुकट असायचा, कोल्ड्रिंक फुकट असायचं आणि माणसं अण्णांना ‘साहेब’ म्हणायची. ऑफिसात त्यांना ‘बाबर’ म्हणत. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून एकेका गाडीत बसायचे, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवायचे आणि समोरच्या काचेतून भिंतीकडं बघत राहायचे. चेहरा असा, की जणू घाट उतरताहेत. मग बाहेर येऊन विचारायचे, “ग्राउंड क्लिअरन्स किती?” विक्रेत्यानं सांगितलेला आकडा हमखास चुकीचा निघायचा आणि अण्णा तो दुरुस्त करायचे. वर्षभर हे चाललं होतं, आणि नदाफ वर्षभर कोल्ड्रिंक आणून देत होते. त्यांचा अण्णांवर विश्वास बसला होता. विकणाऱ्याला एवढा विश्वास परवडत नाही, पण माणूस भला होता.

दर भाऊबीजेला आम्हाला न्यायला मामाची सुमो यायची. माझे मामा धैर्यशीलराव, नदीपलीकडच्या गावात दूधसंस्थेचे चेअरमन. बागायती ऊस, दारात ट्रॅक्टर, आणि प्रत्येक सणाला गावाच्या वेशीवर स्वतःचा फोटो असलेला शुभेच्छांचा बोर्ड. त्यात देव लहान आणि मामा मोठे असायचे. सुमोतून उतरलं की मामा अण्णांच्या पाठीवर थाप मारून दर वर्षी तेच विचारायचे, “काय दाजी, कालवा वाहतोय का कागदावरच?” आणि अंगणातले सगळे हसायचे. अण्णाही हसायचे. घरी आल्यावर दोन दिवस बोलायचे नाहीत.

त्या वर्षी मात्र आईनं धनत्रयोदशीलाच फोन करून सांगितलं, “गाडी पाठवू नकोस. आमचं आम्ही येतो.”

पलीकडून मामा काहीतरी बोलले. आईनं फोनवर हात ठेवून अण्णांना म्हटलं, “कशानं येणार विचारतोय. एसटीनं का?”

“गाडीनं म्हणावं!” अण्णा खुर्चीतून उठून म्हणाले. “आपल्या गाडीनं!”

आईनं तसंच सांगितलं. मला वाटलं, झालं, अण्णांनी पुन्हा आपल्या तोंडाला फेस आणायची सोय केली.

तर अशा रीतीनं आम्ही निघालो. गाडी चंदेरी रंगाची होती, लांब डिकीची. पुढं नंबरप्लेटच्या जागी शोरूमचं नाव होतं. त्यावर अण्णांनी झेंडूचं जाड तोरण बांधलं. नदाफांना वाटलं, गिऱ्हाइकाची भक्ती. मागच्या काचेवर मात्र लाल अक्षरांत ‘मला चालवून पाहा’ असं लिहिलेलं होतं आणि ते निघत नव्हतं. अण्णांनी नखानं खरवडून पाहिलं. नदाफ म्हणाले, “राहू द्या साहेब, डिलिव्हरीच्या वेळी काढून देतो.”

रस्ताभर नदाफ गाडीचे गुण सांगत होते आणि अण्णा त्यांच्या आधी वाक्य पूर्ण करत होते. शेवटी नदाफ म्हणाले, “साहेब, तुम्हीच नोकरीला या आमच्याकडं.” अण्णा खूश झाले. पूल ओलांडल्यावर ते जरा पुढं झुकले आणि हळूच म्हणाले, “नदाफसाहेब, एक विनंती. आमचे मेहुणे जरा तापट आहेत. त्यांच्यापुढं विक्रीचं बोलू नका. गाडी बघू द्यात. बोलायचं ते मी बोलतो.”

“तुम्ही म्हणाल तसं. पण दोनपर्यंत परत पाहिजे. एक पार्टी यायची आहे.”

“दोनच्या आतच येऊ,” आई मागून म्हणाली.

मला हे विचित्र वाटलं. भाऊबीजेला गेलो की संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत परतायचा विषयच निघत नसे.

मामाच्या दारात पोचलो तेव्हा मामा आंघोळीला गेले होते, हे अण्णांचं नशीब समजायचं. अण्णांनी घाईघाईनं गाडी वळवून घ्यायला लावली आणि मागची काच थेट गोठ्याच्या भिंतीला भिडवली. एवढी जवळ, की डिकी उघडता येईना. लाडवाचा डबा आईजवळ होता म्हणून बरं.

मामा टॉवेलानं कान पुसत बाहेर आले आणि पायरीवरच थांबले. गाडीकडं बघत राहिले. मग खाली उतरून तिच्याभोवती फिरायला लागले. भिंतीमुळं पूर्ण फेरी होईना, तेव्हा अर्ध्यातून परत फिरले. पायानं टायर दाबलं. बॉनेटवर थाप मारली, जशी एरवी अण्णांच्या पाठीवर मारायचे.

“काय दाजी! ही तुमची?”

अण्णांनी मान हलवली.

“नंबर कुठाय?”

“यायचाय.”

“आणि हे कोण?” मामांनी नदाफांकडं बोट केलं.

अण्णांनी नदाफांकडं पाहिलं, मग मामांकडं, मग आभाळाकडं. “हे... हे चालवतात,” ते म्हणाले. हे खरंच होतं.

“ड्रायव्हर? टाय घालून?”

“हल्ली पद्धत आहे तशी.”

मामांना हे फार लागलं. त्यांचा सुमोचा ड्रायव्हर बनियनवर असायचा. तेवढ्यात नदाफ पुढं झाले आणि लवून म्हणाले, “नमस्कार साहेब. तुमच्याबद्दल फार ऐकलंय. तुमच्या एका ‘हो’वर आमचं सगळं अवलंबून आहे.”

मामांचा चेहरा एकदम फुलला. “माणूस वळणाचा आहे दाजी,” ते म्हणाले. “कुठनं मिळवला?” मग आत बघून ओरडले, “अहो, ड्रायव्हरला गोठ्यापाशी चहा द्या. आणि जेवायला आधी वाढा त्याला, त्याला परत गाडी चालवायचीय.”

नदाफांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा तोरण नीट करत होते.

आत पुऱ्या तळल्याचा वास सुटला होता. मामी पाट मांडत होती. तिच्या अंगावर नवा शालू होता आणि तो नवा आहे हे सांगायला तिनं त्यावरची चिठ्ठी अजून काढली नव्हती की काय, असं मला वाटलं. म्हणाली, “या वन्सं. यंदा काय बाई, तुम्ही मोठी माणसं. आमच्या सुमोत आता कुठलं बसताय?”

“सुमोचं काय वाईट आहे वैनी,” आई म्हणाली. “आणते चांगली.”

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मामी मात्र पटकन पुऱ्यांकडं वळली.

पाटाभोवती रांगोळी काढली होती. मामा टोपी घालून पाटावर बसले. आईनं निरांजन लावलं. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. आई ताट घेऊन पुढं झाली तसा मामांनी तळहात वर केला. ट्रॅक्टर थांबवावा तसा.

“थांब अक्का. आधी एक बोलून घेऊ. मग ओवाळ.”

“ओवाळून झाल्यावर बोल की.”

“नाही. आजच्या दिवशी मनात काही ठेवू नये.” मामांनी मांडी सारखी केली. “सोमवारी रजिस्टर ऑफिस उघडतंय. मी गाडी पाठवतो... नाही, तुमचीच गाडी आहे आता. तर सोमवारी सकाळी ये आणि तेवढं सातबाऱ्यावरचं तुझं नाव कमी करून टाक. बापाच्या माघारी सगळं मीच कसतोय. नाव नुसतं अडकून बसलंय. कर्ज काढायचं म्हटलं की बँक विचारते, ही बाई कोण?”

“मग सांगायचं, बहीण आहे.”

मामा हसले. अण्णाही सवयीनं हसले.

“चेष्टा नको अक्का. गेल्या साली पण तू विचार करते म्हणालीस.”

“केला.”

“मग?”

“नाही करणार सही,” आई म्हणाली. ताटातलं निरांजन हललंसुद्धा नाही. “बापानं जमीन ठेवली ती दोघांना. तू कसतोयस, कस. मी आजपर्यंत उसाचं टिपरूसुद्धा मागितलं नाही. पण नाव माझं आहे, ते राहू दे.”

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला.

“हे दाजींनी शिकवलं वाटतं,” मामा म्हणाले. “गाडी आल्यावर जोर आलाय. दाजी, तुमच्या पगारात गाडी होते, मग माझ्या जमिनीवर कशाला डोळा?”

“मी काही...” अण्णा म्हणाले.

“त्यांना कशाला मध्ये घेतोस? मी बोलतेय ना.”

“वन्सं,” मामी दारात येऊन म्हणाली, “माहेर पाहिजे का जमीन, एवढं ठरवा म्हणजे झालं. दोन्ही कसं मिळेल बाई? आम्ही दर वर्षी साडी करतो, मानानं आणतो, मानानं पोचवतो.”

“पोचवता. ते खरं.”

“आधी हो म्हण,” मामा म्हणाले. त्यांची टोपी जराशी तिरकी झाली होती. “हो म्हण आणि ओवाळ. नाहीतर ओवाळू नको.”

हे बोलताना त्यांना वाटलं असणार की आता आई रडेल. बहिणी अशा वेळी रडतात आणि मग सही करतात, हे आसपासच्या चार घरांत त्यांनी पाहिलेलं होतं. शेजारच्या गल्लीतल्या त्यांच्या चुलत्यानं तर बहिणीची सही घेऊन तिला मिक्सर दिला होता, आणि गावात त्याचं कौतुक झालं होतं.

आई रडली नाही. ती ताट घेऊन तशीच उभी होती. नेमके तेव्हा नदाफ आत आले. हात धुऊन, रुमालानं तोंड पुसत, तृप्त चेहऱ्यानं.

“वा! बासुंदी काय झाली होती! वहिनींना सांगा,” ते म्हणाले. मग खोलीतली शांतता बघून त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला. त्यांना वाटलं, गाडीवरच चर्चा चाललीय आणि अडलीय. अण्णांनी काय बजावलं होतं ते विसरून ते मामांपुढं गुडघ्यावर टेकले. “साहेब, मनात शंका ठेवू नका. गाडी एक नंबर आहे. चंदेरी नको असेल तर पांढरी देतो. बुकिंग तुमच्या नावानं करायचं का बाबरसाहेबांच्या? आज केलं तर सीट कव्हर आमच्याकडून.”

मामा त्यांच्याकडं बघत राहिले. “कसलं बुकिंग?”

“ह्या गाडीचं. ही काय, ट्रायलची गाडी आहे. तुमची नवी कोरी येईल.”

मामांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते पाटावर मागं रेलून हसायला लागले. मांडीवर हात आपटून हसले. “ट्रायलची! अगं ऐकलंस का? ट्रायलची गाडी! दाजी, भाड्यानं तरी आणायची होती! फुकटची आणली?” मामीनं पदर तोंडाला लावला. पदराच्या मागं तीही हसत होती, हे पदर हलत होता त्यावरून कळत होतं. नदाफ गुडघ्यावरच होते. त्यांची मान अण्णांकडं वळली आणि तिथंच राहिली.

अण्णांचा चेहरा मी पाहिला नाही. मी खाली रांगोळीकडं बघत होते आणि पायाखालची जमीन फाटावी असं काहीतरी मनाशी म्हणत होते.

“फुकटची तर फुकटची,” आईचा आवाज आला. “चालते ना? चला.”

हसणं थांबलं.

आईनं ताट मामीच्या हातात दिलं. “वैनी, निरांजन विझू देऊ नका.” मग पिशवी उचलली. लाडवाचा डबा काढून चौरंगावर ठेवला. तिच्यासाठी आणलेलं साडीचं पाकीट तिथंच होतं, त्याला हात लावला नाही.

“अक्का, बस गप,” मामा उठत म्हणाले. “नाटकं करू नको. जेवण झालं की मी सोडतो तुला.”

“नको. मला आत्ता जायचंय.”

“वन्सं, उपाशी जाऊ नका बाई. लोक काय म्हणतील?”

“तुमच्या हातच्या पुऱ्या मला फार आवडतात वैनी,” आई म्हणाली. “पण त्यांच्याबरोबर तुम्ही सही वाढता.”

आणि अण्णा? एवढी वर्षं बोलण्याची वाट बघितलेला हा माणूस एक शब्द बोलला नाही. तो पळत बाहेर गेला आणि आईसाठी गाडीचं दार उघडायला लागला. दार लॉक होतं. किल्ली नदाफांकडं. अण्णांनी दार ओढलं, पुन्हा ओढलं, मग दोन्ही हातांनी हिसडा मारला. ज्या माणसाला त्या गाडीचा सगळा तपशील पाठ होता, त्याला तिच्यात भोंगा बसवलेला आहे एवढंच ठाऊक नव्हतं.

गाडी बोंबलायला लागली. गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. शेजारच्या भिंतींवरून डोकी वर आली. जेवती माणसं खरकट्या हातांनी फाटकाशी जमली. ऐन भाऊबीजेच्या दुपारी चेअरमनची बहीण पिशवी घेऊन अंगणात उभी आहे, चेअरमन कपाळ कोरं ठेवून पायरीवर उभे आहेत, आणि गाडी सगळ्या गावाला बोलावते आहे.

“काय झालं हो चेअरमन?” कुणीतरी विचारलं.

“काही नाही,” मामा म्हणाले. तोंडावर वेशीवरच्या बोर्डातलं हसू आणून ते म्हणाले, “अक्काला जरा घाई आहे.”

“ओवाळलं नाही वाटतं अजून?” एका म्हातारीनं विचारलं. म्हाताऱ्यांना असल्या गोष्टी भिंतीपलीकडून दिसतात.

मामांनी टोपी काढून खिशात घातली. टोपीची काय चूक होती कोण जाणे.

नदाफांनी येऊन भोंगा बंद केला. आम्ही बसलो. गाडी भिंतीपासून पुढं सरकली, फाटकातून बाहेर पडली, आणि मागची काच पहिल्यांदा मोकळी झाली. पोरं ती मोठ्यानं वाचत वाचत गाडीमागं धावत आली, “मला चालवून पाहा! मला चालवून पाहा!” वेशीवर मामा बोर्डातून आम्हाला दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा देत होते.

पूल संपल्यावर नदाफांनी गाडी कडेला घेतली.

“बाबरसाहेब, एकदाच खरं सांगा. गाडी घ्यायची आहे का?”

अण्णांनी मान हलवायचा प्रयत्न केला, पण ती कोणत्या दिशेनं हलवावी ते त्यांना कळेना.

“नाही,” आई म्हणाली. “घ्यायची नव्हती.”

नदाफांनी एसी बंद केला. चारही काचा खाली केल्या. धूळ आत यायला लागली तशी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

“मी म्हटलं होतं तुला, रिक्षा करू,” अण्णा पुटपुटले.

मी आईकडं पाहिलं. तोपर्यंत मी हे सगळं अण्णांचं खूळ समजत होते.

“रिक्षावाला थांबला नसता,” आई म्हणाली. “दोन तास झाले की तोच गेला असता. हे थांबतात. ह्यांना विकायची असते.”

नदाफांनी आरशातून तिच्याकडं पाहिलं.

“गेल्या साली मी उठले होते,” आई खिडकीबाहेर बघत बोलायला लागली. कुणाला सांगत होती कोण जाणे. “हेच बोलणं झालं. मी म्हटलं, मला घरी जायचंय. तर म्हणे ड्रायव्हर जेवायला गेलाय. मग म्हणे डिझेल भरायला गेलाय. एसटी बंद. आठ मैल चालत कशी जाणार पोरीला घेऊन? बसले पायरीवर. दिवे लागेपर्यंत घरातलं एक माणूस माझ्याशी बोललं नाही. वैनी पाणी विचारायला आली तर भावानं तिला आत बोलावलं. शेवटी मीच म्हटलं, बरं बाबा, विचार करते. तेव्हा लगेच ड्रायव्हर सापडला.”

मला ती पायरी आठवली. मी तेव्हा परड्यात मामाच्या मुलांबरोबर फटाके उडवत होते. आई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मला वाटलं होतं, माहेरची हवा खाते आहे.

शोरूमच्या अलीकडच्या चौकात नदाफांनी गाडी थांबवली. “इथंच उतरा. मॅनेजर बघतील.” आई उतरताना म्हणाली, “तुमचा दिवस वाया घालवला भाऊ. माफ करा.”

“जेवलो पोटभर,” नदाफ म्हणाले. “तुम्हीच राहिलात उपाशी.” आणि तोरण सोडून त्यांनी अण्णांच्या हातात दिलं. अण्णा ते गळ्यातला हार धरावा तसं दोन्ही हातांत धरून, रेशमी झब्ब्यात, भर उन्हात आमच्यापुढं चालत होते. माणसं वळून बघत होती.

पुढचं सांगायचं तर मामांनी त्याच आठवड्यात तीच गाडी बुक केली, पांढरी. फुकटच्या गाडीतून बहीण निघून गेली म्हटल्यावर विकतची दारात आणणं त्यांना भाग होतं. नदाफांना त्याचं कमिशन मिळालं असावं. जमिनीचं गावच्या चार माणसांत बसून वाटप झालं. ओढ्याकडचा खारवट तुकडा मामांनी निवडून आईला दिला. आई म्हणाली, खारवट तर खारवट. तिनं तो खंडानं लावला आणि दर वर्षी खंडापोटी येणारा गूळ आम्ही खाल्ला. गुळाला काही खारट चव नव्हती. अण्णा निवृत्त होईपर्यंत रविवारी शोरूममध्ये जात राहिले, फक्त दुसऱ्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी घरी आल्यावर आईनं पिठलं-भाकरी केली आणि आम्ही तिघं जेवलो. संध्याकाळी ती ताट घेऊन गच्चीवर निघाली, म्हणून मीही मागं गेले. ताटात कुंकू, अक्षता आणि निरांजन. पश्चिमेला पाण्याच्या टाकीवर नखाएवढी चंद्रकोर होती. आमच्या वरच्या मजल्यावरच्या पाटणेकाकू आधीच तिथं होत्या. त्यांना भाऊ नव्हता, त्या दर वर्षी चंद्राला ओवाळायच्या. आईला बघून त्या चकित झाल्या.

“शालनताई, तुम्ही कशाला? तुम्हाला भाऊ आहे की!”

“आहे,” आई म्हणाली. तिनं आभाळाकडं कुंकवाचं बोट केलं, अक्षता उडवल्या आणि सावकाश ओवाळलं. डाव्या हातानं ज्योतीला आडोसा धरला होता. वाऱ्यावर ती विझत आली की आई थांबायची, ती सावरली की पुन्हा ओवाळायची.

“पण हा ओवाळणी काय घालणार ताटात?” काकू हसत म्हणाल्या.

आईनं ताट खाली घेतलं.

“काही घालत नाही,” ती म्हणाली. “काही मागतही नाही. बरा आहे.”